बारा गॉब्लिन एकदम सोडू नकोस

ताई, नमस्कार.

मी नागपूरचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीपासून दर रविवारी दुपारी आमच्या घरी आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ खेळतो. मी डीएम (डन्जन मास्टर), म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा, बाकी पाच खेळाडू: कॉलेजचे तीन मित्र, शेजारचा एक दादा आणि माझी मावसबहीण. सगळ्यांची पात्रं दुसऱ्या लेव्हलची. आमची गोष्ट नागझिऱ्यासारख्या एका जंगलात घडते आणि तिथल्या टोळ्या गावं लुटतात.

तीन आठवड्यांपूर्वी मी पार्टीवर, म्हणजे त्या पाच पात्रांवर, बारा गॉब्लिन (छोटे लुटारू राक्षस) सोडले. हिशेब केला होता. एका गॉब्लिनचे 50 एक्सपी (अनुभवाचे गुण, यावरूनच लढाई किती अवघड ते मोजतात), बाराचे 600, म्हणजे पाच जणांना मध्यमच्या जरासं वर. पण पहिल्याच राउंडला आठ गॉब्लिननी मावसबहिणीच्या जादूगारावर बाण सोडले, सहा लागले आणि तिची टर्न यायच्या आधीच ती मेली. दोन तासांत तिने एकच फासा टाकला, इनिशिएटिव्हचा, म्हणजे कुणाची टर्न आधी ते ठरवणारा. ती काही बोलली नाही. पात्राच्या शीटची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि आत आईला मदत करायला गेली. बाकीचे चौघे कसेबसे वाचले, कारण शेवटी शेवटी मी माझ्यासमोरच्या पडद्याआड फासे बदलले.

पुढच्या रविवारी घाबरून एकच ओगर, म्हणजे एक मोठा राक्षस, ठेवला. तो दोन राउंडमध्ये आडवा झाला. मित्र म्हणाला, "अबे, हे तं काहीच नाही झालं." परवा पुन्हा टोळी आणली, पुन्हा फासे बदलले, आणि या वेळी ते त्याच्या लक्षात आलं असावं.

मला टोळ्याच हव्या आहेत. समोर खूप, आपण थोडे, आणि तरी जिंकलो, ही मजा मला त्यांना द्यायची आहे. तोल कसा सांभाळू? आणि फासे बदलले ते चुकलं का?

– पडद्याआडचा डीएम

*

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते पर्समध्ये गेलेलं शीट. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पात्र मरणं या खेळात चालतं. मरणाची भीती नसेल तर बाणाला अर्थ उरत नाही. पण खेळायला न मिळताच मरणं चालत नाही, आणि तुझ्या टेबलावर ते एका साध्या नियमामुळे झालं. एकाच जातीच्या शत्रूंसाठी डीएमने इनिशिएटिव्हचा एकच फासा टाकायचा, असं पुस्तक सांगतं. डीएमचा वेळ वाचतो म्हणून तो नियम आहे आणि तीन-चार लांडगे असतील तेव्हा तो छान चालतो. बारा असतील तेव्हा त्याच एका फाशावर बाराही जण लागोपाठ येतात. तो वीस बाजूंचा फासा 18 पडला की संपलं. एका बाजूचं सगळं सैन्य हलून मोकळं, आणि दुसरी बाजू अजून हातात पेन्सिल धरून बसलेली.

म्हणून पहिली गोष्ट ही कर: बारा गॉब्लिनांच्या तीन तुकड्या पाड आणि तीन वेगळे फासे टाक. चौघं खडकावर धनुष्यं घेऊन, चौघं समोरून, चौघं झाडीत मागे. आता चार गॉब्लिन हलले की बऱ्याचदा मध्ये एखाद्या खेळाडूची टर्न येते. ती आली की कुणीतरी जखमीला ओढून आडोशाला नेतो, कुणी मलमपट्टीचा मंत्र टाकतो, कुणी धनुर्धाऱ्यांकडे धावतो. गॉब्लिन तेच, बाणही तेवढेच. फक्त मध्ये माणसांना श्वास घ्यायला जागा मिळाली. त्या दिवशी एवढंच केलं असतंस तर तुझी मावसबहीण कदाचित बेशुद्ध पडली असती, पण मेली नसती. तिला आधी तीन बाणांनी पाडलं आणि पडल्यावर लागलेल्या तीन बाणांनी मारलं. शून्य एचपीवर (एचपी म्हणजे पात्राच्या जिवाचे गुण) पडलेल्याला लागलेला प्रत्येक साधा वार म्हणजे मृत्यूच्या फाशातली एक हार, आणि तीन हारी झाल्या की पात्र गेलं. त्या तीन बाणांच्या आधी कुणाची तरी टर्न यायला हवी होती.

आणि एक सांग, गॉब्लिनने पडलेल्या पोरीवर बाण का वाया घालवावेत? समोर तलवार उपसून चौघे उभे असताना? तुझ्या टोळीला पोटाची काळजी आहे, जिवाची भीती आहे. ती तशीच वागू दे. जमिनीवर पडलेलं माणूस म्हणजे तिच्या दृष्टीने संपलेलं काम. हे मी दयेपोटी सुचवत नाही, खरंच तसं वागेल कुणीही.

आता हिशेब. 600 हा आकडा बरोबर आहे, पण हिशेब अपुरा आहे. 2014 च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये एक्सपीची बेरीज झाल्यावर शत्रूंच्या संख्येप्रमाणे गुणायचं असतं. दोन असतील तर दीडपट, तीन ते सहा असतील तर दुप्पट, सात ते दहा अडीचपट, अकरा ते चौदा तिप्पट, पंधराच्या पुढे चौपट. तुझे बारा, म्हणजे 600 गुणिले 3, म्हणजे 1800. दुसऱ्या लेव्हलच्या पाच जणांसाठी 'डेडली', म्हणजे जीवघेणी लढाई, सुरू होते 1000 वर. पार्टीला मिळणारे एक्सपी 600 च राहतात, गुणाकार फक्त धोका मोजायला आहे. 2024 च्या नव्या गाइडमधून हा गुणक काढून टाकलाय. त्याऐवजी एक सूचना आहे की एका पात्रामागे दोनपेक्षा जास्त शत्रू असतील तर ते पटकन मरणारे ठेवा, आणि पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला तर हे जास्तच सांभाळा. तू बहुधा आकडे जुन्या पुस्तकातले घेतलेस आणि गुणक नव्या पुस्तकासारखा सोडून दिलास. असं खूप जणांचं होतं.

मला नवीन पद्धत सोपी वाटते, पण नवख्या डीएमने जुना गुणक निदान वर्षभर तरी वापरावा असं माझं ठाम मत आहे. कारण गर्दी का मारते, हे तो गुणक शिकवतो. आणि ते कळलं की पुढे पुस्तकाची गरज कमी होत जाते. म्हणून कागद घे, आपण तुझीच लढाई पुन्हा मांडू.

गॉब्लिन वार करतो तेव्हा त्याला फाशावर +4. तुझ्या पार्टीचा एसी, म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा, सरासरी 15 धर. म्हणजे फाशावर 11 किंवा जास्त हवेत, दोनातला एक वार लागतो. लागला की सरासरी साडेपाच एचपी जातात. तुझे पाच जण एका राउंडला पाच वार करतात, त्यातले तीन लागतात असं धर, आणि गॉब्लिनला एचपी जेमतेम सात, म्हणजे तीन वारांत तीन गॉब्लिन गेले. गॉब्लिन आधी हलतात असं मानू. पहिल्या राउंडला बारा वार, मग नऊ, मग सहा, मग तीन. एकूण तीस. तीस वारांतले पंधरा लागले, साडेपाचने गुणलं तर 82 एचपी. दुसऱ्या लेव्हलच्या पाच जणांचे मिळून एचपी ऐंशीच्या आसपासच असतात. म्हणजे कागदावरच तुझी पार्टी पुरती झोपते. आणि हे सगळे पाचही शेवटपर्यंत उभे आहेत असं धरून. प्रत्यक्षात एक पडला की आपले वार कमी होतात, गॉब्लिन जास्त वेळ जगतात, त्यांचे वार वाढतात आणि घसरण सुरू होते.

आता तेच बारा, पण सहा-सहाच्या दोन लाटांत. पहिल्या लाटेचे वार सहा, मग तीन. नऊ झाले. दुसरी लाट आली, पुन्हा नऊ. एकूण अठरा वार, 50 च्या आत एचपी. चार-चारच्या तीन लाटा केल्यास तर प्रत्येकीचे चार आणि एक असे पाच, एकूण पंधरा वार, 41 एचपी. एक गॉब्लिन कमी केला नाही, एक एचपी कमी केला नाही, एक फासा लपवला नाही, आणि मार निम्म्यावर आला.

यामागचं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे. फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने 1916 मध्ये विमानं आणि युद्ध यांवर लिहिताना ते मांडलं होतं. जिथे सगळे सगळ्यांवर मारा करू शकतात तिथे सैन्याची ताकद संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बाराचा वर्ग 144. सहा-सहाच्या दोन टोळ्या वेगवेगळ्या भेटल्या तर 36 आणि 36, म्हणजे 72. चार-चारच्या तीन असतील तर 48. पण जिथे अरुंद जागेत समोरासमोर झुंज आहे आणि मागच्याचा हात पुढे पोचतच नाही, तिथे हा वर्गाचा नियम गळून पडतो आणि ताकद साध्या संख्येवर येते.

म्हणून माझ्या मते डीएमने "शत्रू किती" हे विचारूच नये. एका राउंडला किती हात पोचतात, एवढंच मोजावं.

तू नागपूरचा आहेस, त्यामुळे हे समजवायला मला लांब जावं लागत नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीला इतवारीत गेला असशील. हजारो माणसं असतात. पण एखाद्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून बघ. समोरून येताना तीन, फार तर चार खांदे एका वेळी दिसतात. मागचा जोर जाणवतो, आवाज येतो, भीतीही वाटते, पण तुला धक्का देणारे तिघं-चौघंच. तुझ्या बारा गॉब्लिनना अशा गल्लीत आण आणि त्यांच्याकडे धनुष्यं ठेवू नकोस. एका राउंडला तिघांचाच हात पोचतो. तिघं मेले की मागचे तिघं पुढे येतात. चार राउंड, बारा वार, 33 एचपी. तीसवरून बारावर आलो! आणि टेबलावर मात्र सगळ्यांना दिसतंय की गल्ली शेवटपर्यंत गच्च भरली आहे. भीती पूर्ण, मार मोजका. तुला हवी असलेली मजा ती हीच.

फक्त अशी गल्ली प्रत्येक लढाईत आयती देऊ नकोस. नकाशावर ती असू दे, आणि तिथवर मागे हटायचं की नाही हे त्यांना ठरवू दे. माझ्या टेबलावर मी नेहमी दोन तरी अशा जागा ठेवते, आणि त्यातली एक जरा वाईट असते. हे मला सीताबर्डीच्या लढाईने शिकवलं. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817. टेकडीवर कंपनीची फौज, दीड हजाराच्या आत. आप्पासाहेब भोसल्यांची फौज तिच्या दहापटीहून मोठी. त्या लढाईचा शेवट वाचताना नागपूरकराला आजही बरं वाटत नाही, मलाही वाटत नाही. पण डीएम म्हणून तिचा नकाशा बघ. टेकडी एक नव्हती, एक मोठी आणि एक लहान अशा दोन होत्या. चढावर एकदम किती जण येणार याला मर्यादा होती, म्हणून संख्येचा जोर बोथट झाला. मग 27 तारखेला भोसल्यांच्या अरबांनी लहान टेकडी घेतली, आणि त्याबरोबर मोठी टेकडीही धोक्यात आली. लढाई फिरली ती कंपनीच्या घोडदळाची एक तुकडी बाहेर पडून तुटून पडली तेव्हा. म्हणजे आडोसा आहे, तो अर्धा हातचा जातो, आणि मग कुणीतरी धाडस करून आडोशाबाहेर पडतं. पाच खेळाडूंच्या लढाईला याहून चांगला आराखडा मला माहीत नाही. 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला किल्ला लोकांसाठी उघडतो. एकदा सगळ्या पार्टीला घेऊन जा आणि वर उभा राहून खाली बघ.

पुढची गोष्ट, लढाई कधी संपते? तुझ्या पत्रावरून वाटतं की तुझ्याकडे एका बाजूचा शेवटचा जीव जाईपर्यंत ती चालते. आपण मराठी माणसं पावनखिंड ऐकत मोठे झालो. 13 जुलै 1660 ला बाजीप्रभू आणि ते सुमारे तीनशे बांदल कशासाठी लढत होते? सिद्दी मसूदचं सगळं सैन्य कापून काढणं हे त्यांचं काम नव्हतंच. महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत खिंड धरायची आणि तोफांचे बार ऐकायचे. तुझ्या पार्टीला असा बार दे. पाच राउंड पूल धरा, तोवर गावकरी पलीकडे जातील. किंवा दोर कापा. किंवा वैद्याला बाहेर काढा. असं काम दिलंस की चाळीस गॉब्लिनही चालतील, कारण चाळीस मारायचेच नाहीत. आणि खेळाडू लगेच वेगळा विचार करायला लागतात. ढाल धरून कोण उभा राहील, धावेल कोण, मंत्र आता वापरायचा की तिसऱ्या राउंडला. जादूगाराची खरी किंमत तिथे कळते.

गॉब्लिननाही काहीतरी हवं असू दे, आणि ते मिळालं की जाऊ दे. आपल्या विदर्भातल्या जंगलांत रानकुत्री आहेत. ती टोळीने शिकार करतात, एकमेकांना शिट्टीसारखा आवाज देतात, सांबराच्या कळपातून एखादं जनावर बाजूला काढतात. पण त्यांतलं एखादं जबर जखमी झालं तर जिवावर उदार होऊन कुणी लढत बसत नाही. उद्या दुसरी शिकार आहे. तुझे गॉब्लिन असेच ठेव. 1981 च्या बेसिक डी अँड डी संचात यासाठी मोरालचा, म्हणजे टोळीच्या धीराचा, सुंदर नियम होता, आणि नव्या पुस्तकांत तो मागे पडला याचं मला मनापासून वाईट वाटतं. पहिला साथीदार मेला की एकदा, आणि निम्मे गारद झाले की एकदा, सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज टोळीच्या मोरालपेक्षा जास्त आली की टोळी पळते किंवा शरण येते. साध्या गॉब्लिनचं मोराल 7, सरदार सोबत असेल तर 9. म्हणजे सरदार नसलेली टोळी दर वेळी शंभरात बेचाळीस वेळा तरी पाय लावून पळणार. तुझ्या लढाईत सहा मेल्यावर उरलेले पळाले असते तर तीस वारांऐवजी एकवीस झाले असते. शिवाय सरदार आधी पाडायला खेळाडूंना कारण मिळालं, आणि पळालेला गॉब्लिन पुढच्या रविवारी नवी टोळी घेऊन येतो ते वेगळंच. हा फासा सगळ्यांसमोर टाक. तो पडताना टेबल कसं गप्प होतं ते बघशील.

गर्दीचा एक फायदा आपण विसरतो. गर्दी ही जादूगाराची जत्रा असते. 2014 च्या नियमांप्रमाणे 'स्लीप' हा पहिल्या पातळीचा मंत्र आठ बाजूंच्या पाच फाशांएवढे एचपी झोपवतो, सरासरी बावीस. सात एचपीचे तीन गॉब्लिन एका झटक्यात खाली, जिथे सगळी पार्टी मिळून एका राउंडला तीन पाडते! म्हणून चौघांची एखादी तुकडी मुद्दाम दाटीने उभी कर. धनुर्धाऱ्यांना खडकामागे खेटून बसव. हे कुणाला सांगू नकोस, फक्त नकाशावर गोट्या तशा ठेव. जिला एकही टर्न मिळाली नाही तिच्या हातून पहिल्या मंत्राला तीन जण घोरायला लागले पाहिजेत.

टेबलावरचा वेळही सांभाळ. बारा गॉब्लिनचे बारा फासे, बारा बेरजा, आणि तोवर खेळाडू मोबाइल बघतात. जुन्या गाइडमध्ये जमावाच्या हल्ल्याचा तक्ता आहे, तो वापर. शत्रूला फाशावर किती पडायला हवेत ते आधी काढायचं. 5 किंवा कमी हवे असतील तर प्रत्येक वार लागला. 6 ते 12 हवे असतील तर दोघांमागे एक, 13-14 ला तिघांमागे एक, 15-16 ला चौघांमागे एक. एसी 16 वर चार गॉब्लिन म्हणजे सरळ दोन वार लागले, फासा नाहीच. एसी 18 वर एकच. याने लढाई भराभर चालते, आणि एकाच वेळी सहा बाण लागण्यासारखा विचित्र योगही टळतो. सरदाराचा फासा मात्र स्वतः टाक.

ओगरचं थोडक्यात सांगते, कारण ते हेच गणित उलटं आहे. ओगरला 59 एचपी, एसी 11, आणि राउंडला वार एक. तुझ्याकडे पाच वार. तो दोन राउंडमध्ये दोनदाच सोटा फिरवणार, कितीही मोठा असला तरी. एकट्याला एचपी वाढवून वाचवायला जाऊ नकोस, त्याने लढाई फक्त लांबते. त्याच्याबरोबर तीन-चार कोबोल्ड दे. ते पाच-पाच एचपीचे असतात, पण पार्टीचे दोन-तीन वार तिकडे जातात आणि ओगरला आणखी एक-दोन राउंड मिळतात.

आता फाशांचं.

हो, चुकलं. तुझा हेतू वाईट नव्हता, मित्रांना वाचवायला केलंस, हे मला पूर्ण कळतं. मीही केलंय, म्हणून सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या ग्रुपमध्ये एक मुलगा होता, वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलने रेघा मारत बसायचा. मला वाटायचं चित्रं काढतोय. एकदा लढाई फारच लवकर संपत होती म्हणून मी शेवटच्या गॉब्लिनचे एचपी मनातल्या मनात वाढवले. खेळ संपल्यावर त्याने वही माझ्यापुढे धरली. प्रत्येक गॉब्लिनला किती मार बसला ते त्याने लिहिलं होतं: 7, 7, 8, 7, आणि शेवटी 19. "ताई, हा का नाही मेला?" एवढंच विचारलं त्याने. तो पुढेही येत राहिला, पण रेघा मारणं थांबलं. लढाईआधी बेत आखणं थांबलं. त्याचा काय दोष? बेत आखून उपयोग काय, शेवट ताईच ठरवणार असेल तर?

तेव्हापासून माझे फासे उघड्यावर पडतात. आणि तुला खरं सांगते, त्यामुळे मी चांगली डीएम झाले. पडदा गेला की सगळा विचार आधी करावा लागतो. दुसरी लाट किती राउंडनी येणार, ती येण्याआधी शिंगाचा आवाज होणार का, मागे हटायला वाट कुठे आहे, टोळी कधी पळणार. हे सगळं शनिवारी कागदावर लिहून ठेव. लढाई सुरू झाल्यावर वाटलं की जास्त झालं, तर अजून न आलेली तिसरी लाट आलीच नाही, ही मुभा डीएमला आहे. जे अजून टेबलावर आलेलं नाही ते बदल. पडलेला फासा बदलू नकोस.

मित्राला शंका आली आहेच, तर पुढच्या रविवारी सुरुवातीलाच सांगून टाक. दोन वाक्यं पुरे: मी दोनदा फासे बदलले, यापुढे उघडे टाकणार. लांबण लावू नकोस, समजावत बसू नकोस. लोक माफ करतात, आणि त्या दिवशी पडणाऱ्या प्रत्येक फाशाकडे वाकून बघतात.

पुढच्या लढाईसाठी एक मांडून देते, वाटलं तर घे. तुझ्या जंगलातल्या गावात उद्या पोळा आहे आणि आदल्या रात्री टोळीने बैल पळवलेत. बैल ओढ्यापलीकडे बांबूच्या बनात बांधलेत. गॉब्लिन बाराच, पण चौघं बैलांपाशी, चौघं ओढ्याच्या खडकांवर धनुष्यं घेऊन, आणि चौघं लूट वाटून घेत लांब शेकोटीपाशी. शेकोटीवाल्यांना यायला तीन राउंड लागतात, आणि ते निघाले की शिट्टी ऐकू येते. जुन्या हिशेबाने चौघांची एक तुकडी 200 गुणिले 2, म्हणजे 400. दुसऱ्या लेव्हलच्या पाच जणांना हे सोपं आणि मध्यमच्या मध्ये पडतं. तिन्ही तुकड्या एकत्र आल्या तर 1800. म्हणजे लढाई सोपी की जीवघेणी, हे पार्टी किती गुपचूप जाते आणि किती भराभर आटोपते यावर ठरेल. बैल मारणं टोळीला परवडत नाही, तिला ते जिवंत विकायचेत. शेवटचा बैल ओढा ओलांडला की जिंकलो, मग मागे कितीही गॉब्लिन उरोत. बनातून येणारी वाट एका वेळी दोघांपुरती ठेव.

आणि तुझ्या मावसबहिणीचं नवं पात्र गावातून चालत येऊन ओळख करून देत बसायला नको. ती गुराखी आहे, बैलांबरोबर तीही पकडली गेली आहे, बनात बांधलेली आहे, आणि तिचा दोर आत्ताच सैल झालाय. पार्टी खडकामागे दबा धरून बसली असताना इनिशिएटिव्हच्या आधी पहिली हालचाल तिची. चार गॉब्लिन तिच्याकडे पाठ करून उभे आहेत, सगळ्यात मोठा बैल तिच्या हाताखाली आहे, आणि तो फक्त तिचंच ऐकतो.

तिला रविवारी सांगू नकोस, आजच फोन कर. त्या दिवशीबद्दल सॉरी म्हण, आणि मग विचार की बैलाचं नाव काय ठेवायचं.